मिस व्हर्नाची बंदरावरची माणसं

त्या दिवशी जेवणाच्या हॉलात कोण कोण होतं ते आधी सांगते. म्हणजे नंतर कोणी बोलायला नको की शेवंताबाईने मनाचं लावलं. मी होते, लॉन्ड्रीतली. किचनमधला कुलदीप होता, हातात सूप वाढायचा डाव. मॅनेजर क्रिस्टीन होती, नवीन ब्लाउज घालून. खिडकीपाशी रॉन होता, आयुष्यभर ट्रक चालवलेला, कोणाशी दोन शब्द न बोलणारा. देणगीवाल्या घरातली मिसेस हॅलम होती आणि तिने आणलेला फोटोवाला. बाकी तिथे राहणारे म्हातारे, कोणी व्हीलचेअरवर, कोणी बसल्या बसल्या झोपलेलं. मिस व्हर्ना होती. आणि भिंतीवरच्या चित्रात बंदरावर ओझी वाहणारी माणसं होती. ती पण हजर होती असंच मी धरते. मिस व्हर्नाला विचारलं असतं तर तिने त्यांना पहिलं धरलं असतं आणि मॅनेजरला शेवटी.

मी ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळच्या गिरावीनला मुलाकडे राहते. नवरा गेल्यावर विनोदने मला इकडे आणलं, नातवाला सांभाळायला. नातू शाळेत जायला लागला आणि मला घर खायला उठलं. मग ब्लॅकटाउनजवळ म्हाताऱ्या माणसांना ठेवतात ते एक एज्ड केअर आहे, तिथे लॉन्ड्रीत लागले. शिक्षण चौथी. इंग्लिश म्हणजे यस, नो, सॉरी, नो वरीज. चादरींना तेवढं पुरतं. गुडघे गेले तोपर्यंत केलं. कामाचं मला काही वाटलं नाय. माझी आई मुंबईच्या गोदीत कोळसा वाहायची, तिचं बघितलेलं. त्याच्यापुढे वॉशिंग मशीन म्हणजे काय.

मिस व्हर्ना जमैकाची. वेस्ट इंडीजमधली. नवऱ्याच्या क्रिकेटमुळे मला नाव माहीत होतं, पण मला वाटायचं ते आपल्याच पश्चिमेला असणार, गुजरातच्या पलीकडे कुठेतरी. तिला सांगितलं तर एवढी हसली की कवळी काढून हातात घ्यावी लागली. बोलली, "शेवंता, गोऱ्यांचा पण असाच घोटाळा झालेला. तू बरी, तू निदान जहाज घेऊन निघाली नाहीस."

ती इंग्लिश बोलायची, पण तिच्या देशाचं, हेल काढून. पहिले काही महिने मला निम्मं कळायचं नाय. मग सगळं कळायला लागलं. इथे मी आपल्या भाषेत सांगते.

उंच, वाळलेली बाई. माझ्यापेक्षा काळी, आणि मी काय उजळ नाय. सकाळच्या नाश्त्याला पण लाल लिपस्टिक. कार्डिगनची सगळी बटणं लावलेली. छातीवर नर्स लोकांचं असतं ते उलटं घड्याळ पिन केलेलं. आधी लंडनला नर्स होती, मग सिडनीत. रिटायर होऊन कैक वर्षं झाली तरी घड्याळ सोडलं नाय. लग्न केलं नव्हतं. एक भाची होती पर्थला, ती फोन करायची.

पहिली भेट भांडणातच झाली. आमच्याकडे प्रत्येकाच्या कपड्याला आतून खोलीचा नंबर लावायची पद्धत होती, म्हणजे धुवून परत बरोबर जातात. एक दिवस ही वॉकर ढकलत लॉन्ड्रीत आली. तिथे राहणाऱ्यांना यायला मनाई. तिने माझ्यासमोर टेबलावर पट्ट्यांचा ढीग टाकला. नखं कापायच्या कात्रीने एकेका कपड्याचा नंबर उसवून आणलेला.

"हे काय आहे?"

मी बोलले, "यू. युअर रूम."

"रूममधे पलंग आहे आणि संडास आहे. मी ते दोन्ही नाय. मी व्हर्ना."

मी नावाच्या पट्ट्या बनवल्या आणि हाताने शिवल्या. ती स्टूल घेऊन समोर बसली, टाका बरोबर पडतो का बघत. मग बोलली, "आता तुझं सांग." मी बोलले, शेव. सगळे मला शेव बोलायचे. "हे अर्धं आहे. बाकीचं कोणी कापलं?" मी पूर्ण सांगितलं. तिने तोंडातल्या तोंडात चार वेळा घोळवलं आणि पाचव्या वेळी बरोबर बोलली. त्या बिल्डिंगमधे माझं पूर्ण नाव घेणारी ती एकटी. तिच्या देशात वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाय, पुढे मिस लावतात. म्हणून मी तिला मिस व्हर्ना बोलायचे. इंग्लिशमधे तू आणि तुम्ही एकच, पण मनात मी तिला तुम्हीच बोलत होते.

तिची एक गोष्ट सगळ्या बिल्डिंगला माहीत. जेवताना हळू खायची, आणि ताटं उचलणाऱ्या मुलींना घाई. कोणी ताटाला हात लावला की बोट वर. "आय अ‍ॅम नॉट फिनिश्ड." ताटात एक वाटाणा राहिला असेल तरी. तो वाटाणा ती दहा मिनिटांनी खायची, मुद्दाम.

चहात साखर नाय. कुलदीप पंजाबी, त्याचा चहा म्हणजे साखरेचा पाक. बिचारा प्रेमाने बोलायचा, "मिस जी, थोडी सी तो चलेगी." ती बोलायची, "माझ्या घराण्याने आठ पिढ्या ऊस तोडून दुनियेचा चहा गोड केला बेटा. माझ्या वाट्याचं झालं." मग तो तिचा वेगळा उकळायचा. पण आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, रॉनबरोबर डॉमिनो खेळायची तेव्हा तिच्यातली नर्स कुठे जायची कोणास ठाऊक. सोंगटी अशी आपटायची की बाजूच्या टेबलावरचे कप उडायचे. आणि चोरी करायची. सरळ सरळ. रॉनला दिसायचं, तो काही बोलायचा नाय. मी एकदा विचारलं, रॉन, शी चीट, यू सी? तो बोलला, "तेवढ्यासाठीच तर खेळतो, मेट."

तिने मला पावाची गोष्ट सांगितलेली. ती नवीन नवीन सिडनीत आली तेव्हा घराजवळ एक बेकरी होती. बेकरीवाला सगळ्यांच्या हातात पाव द्यायचा. हिची पाळी आली की काउंटरवर ठेवायचा, हात लागू नये म्हणून. पहिल्या दिवशी तिने उचलला. दुसऱ्या दिवशी उचलला नाय. हात पुढे करून उभी राहिली. मागे लाइन वाढली. तो बोलला, तुझा पाव तिथे आहे. ही बोलली, माझा हात इथे आहे. लोक ओरडायला लागले. ही हलेना. शेवटी त्याने पाव उचलून हातात दिला. "आणि मग?" मी विचारलं. "मग काय, रोज जायचे. मला त्याचा पाव आवडायचा पण नाय."

मी तिला आमच्या मावशीच्या गावचं सांगितलं. तिथे हॉटेलाबाहेर कोनाड्यात आमच्या लोकांसाठी वेगळे कप असायचे. चहा वरून ओतायचे, चहा पिऊन आपला आपण धुवून ठेवायचा. मिस व्हर्ना बोलली, "कप फोडायचा ना गं एखादा." मी बोलले, माझ्या मामाने फोडलेला. "मग त्याचं काय झालं?" मी बोलले, त्याचंही डोकं फोडलं. पण नंतर ते कप गेले. तिने मान हलवली, जशी ती डॉमिनो जिंकल्यावर हलवायची तशी.

आता चित्राकडे येते.

जेवणाच्या हॉलात मोठ्या भिंतीवर एक जुनं चित्र होतं. पाण्याच्या रंगात काढलेलं, काचेखाली. ज्या घराण्याच्या देणगीतून ती बिल्डिंग झाली, त्यांचा कोणी पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या आरमारात होता, त्याने स्वतः काढलेलं. खाली पितळेची पाटी. त्याच्यावर त्या साहेबाचं नाव, हुद्दा, आणि 'जमैकातलं शांत बंदर, सकाळ' असं इंग्लिशमधे. मिस व्हर्नाने मला वाचून दाखवलेलं. तिचं गाव त्या बंदरापासून बसने तासाभरावर.

चित्र छान होतं, खोटं कशाला बोलू. निळं पाणी, पिवळसर आभाळ, टेकडीवर किल्ला. दोन मोठी जहाजं. जहाजाची एकेक दोरी काढलेली, केसासारखी बारीक. पांढऱ्या घरासमोर छत्रीवाली मडम. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, धक्क्यावर, काळी माणसं. कोणी पिंप लोटतोय, कोणी वाकलाय, बायकांच्या डोक्यावर ओझी. माझ्या करंगळीच्या नखाएवढी एकेक. आणि त्यांना तोंड नाय. नुसता ब्रश टेकवलाय. मडमच्या छत्रीला झालर आहे, पण ह्यांना नाक नाय, डोळा नाय.

मिस व्हर्ना रोज नाश्त्याच्या आधी चित्रासमोर उभी राहायची आणि खाली कोपऱ्याकडे वाकून बोलायची, "गुड मॉर्निंग." जहाजांकडे बघायची पण नाय. एकदा मी टेबलक्लॉथ आणायला गेले तेव्हा तिने मला हाताला धरून उभं केलं. "ही बघ. हिच्या डोक्यावर काय आहे?"

मी बघितलं. ओझ्याखाली पांढरा ठिपका. मी बोलले, चुंबळ. फडक्याची गोल गुंडाळी, ओझं बसायला. माझी आई पण ठेवायची, जुन्या लुगड्याची. ती बोलली, "आमच्यात तिला कॉटा बोलतात. माझी आजी ठेवायची." मग मी तिला आईच्या मानेचं सांगितलं. आई म्हातारी झाली, काम सुटलं, तरी मान तशीच ताठ राहिली, झोपेत पण वळायची नाय. मिस व्हर्नाने माझ्या मानेवर हात ठेवला. नर्सचा हात, थंड. दोघी तशाच उभ्या राहिलो. मागे कुलदीप ओरडत होता, आंटी, टेबलक्लॉथ.

तिचं मागणं साधं होतं. पाटीवर एक ओळ वाढवा. साहेबाचं नाव राहू दे, बंदराचं राहू दे, त्याच्याखाली लिहा की धक्क्यावर काम करणारी ही माणसं गुलाम होती, त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाय. एवढंच. क्रिस्टीन वाईट बाई नव्हती, पण घाबरट. नवीन विंग बांधायची होती, हॅलम लोकांच्या भरवशावर. ती बोलायची, "व्हर्ना डार्लिंग, ते नुसतं चित्र आहे." मिस व्हर्ना बोलायची, "मग ओळ पण नुसती ओळ आहे."

हे वर्षभर चाललं. मग कोणीतरी वर कळवलं की ही बाई चित्राशी बोलते. रोज सकाळी. आता म्हाताऱ्या माणसाने चित्राशी बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला एक विंग होती, दरवाज्याला कोड लावून ठेवायचा. ज्यांना काही आठवत नाय, जे उठून चालायला लागतात, ते आत. तिथून परत पुढे आलेलं मी कोणाला बघितलं नाय. क्रिस्टीनने तिला सांगितलं, डॉक्टर येऊन तपासणार. तो बोलला तर तिकडे हलवावं लागेल.

मी घाबरले. मी बोलले, मिस व्हर्ना, थोडे दिवस गुड मॉर्निंग बंद करा. मनात बोला.

"मनात बोलले तर त्यांना ऐकू कसं जाणार?"

"ते मेलेत."

"तेच तर," ती बोलली. मग मला विचारलं, "तुमच्यात मेलेल्या माणसाचं काय करतात?"

मी सांगितलं. आम्ही बौद्ध. फोटो ठेवतो, हार घालतो, मेणबत्ती लावतो, अगरबत्ती लावतो. वंदना घेतो. पुण्यानुमोदन बोलतात त्याला. माणसं जमतात, गेलेल्याबद्दल कोणी चार शब्द बोलतं. मग जेवण.

तिने सगळं नीट ऐकलं. "माझ्या माणसांचा फोटो नाय," बोलली. "एवढाच आहे. आणि तो दुसऱ्याच्या नावावर."

विनोदच्या बॅकयार्डात मी झेंडू लावलेला, त्या वर्षी भरपूर आलेला. रात्री टीव्हीसमोर बसून हार ओवला. सून बोलली, आई, कोणाकडे पूजा आहे का? मी बोलले, कामावर आहे.

दुसऱ्या दिवशी हॅलम घराण्याचं वर्षाचं जेवण होतं. मला ते माहीत होतं का? होतं. लोक नंतर बोलले शेवंताबाईची चूक झाली, तिला बिचारीला दिवस कळला नाय. मी चूक बोलत नाय. पुण्यानुमोदनाला माणसं लागतात, आणि त्या दिवशी हॉल भरलेला असणार होता.

सकाळी लवकर जाऊन मी स्टूलावर चढले. हार असा घातला की एका बाजूने जास्त लोंबेल, बरोबर धक्क्याच्या कोपऱ्यावर. आग लावायला मनाई, स्मोक अलार्म होतो. म्हणून कुलदीपने ख्रिसमसची बॅटरीवाली मेणबत्ती दिली. देताना त्याने चित्राकडे बघितलं, हात जोडले, आणि हळूच बोलला, "आंटी, किसकी डेथ हुई?"

मी बोलले, "बहुत लोगों की."

साडेबाराला मिसेस हॅलम आली. आली ती चित्रापाशीच आली. दोन्ही हात छातीवर. "ओह, हाउ लव्हली!" तिला वाटलं तिच्या पूर्वजाचं स्वागत केलंय. क्रिस्टीनला पण तसंच वाटलं, ती माझ्याकडे बघून हसली, पहिल्यांदा. फोटोवाल्याला बोलावलं. मला एप्रनसकट ओढून बाजूला उभं केलं, ही आमची इंडियन लेडी. मी हसले नाय. हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून आमच्यात कोण हसतं? मिसेस हॅलम मात्र सगळे दात दाखवून उभी. एक फोटो, दोन फोटो, आता चित्राकडे बघत एक.

मिस व्हर्ना आपल्या टेबलावरून उठली. वॉकर घेतला नाय. टेबलं धरत धरत आली. लिपस्टिक, घड्याळ, रविवारची टोपी.

"झाले फोटो?" तिने विचारलं. "मग आता सांगते कशाचे काढलेत. शेवंताच्या लोकांत हार असा घालतात तो माणूस गेल्यावर. स्वागताला नाय. आणि हा तुमच्या साहेबासाठी नाय. बघा कुठे लोंबतोय."

मिसेस हॅलमने बघितलं. तिचा चेहरा उतरत गेला. ती बोलली, "तो काळ वेगळा होता. त्यांनी जे दिसलं ते काढलं."

"बरोबर," मिस व्हर्ना बोलली. "त्याला दिसलं. अडीचशे वर्षांपूर्वी, लांबून, जहाजावर बसून दिसलं. मग पाटी लिहिणाऱ्याला का दिसलं नाय?"

मिसेस हॅलम क्रिस्टीनकडे वळून बोलली, "ह्यांना बरं नाय का?" असं, जशी मिस व्हर्ना तिथे उभीच नाय. क्रिस्टीन पुढे आली. "व्हर्ना डार्लिंग, दमलीस, चल रूममधे." आणि तिने हाराला हात घातला.

मिस व्हर्नाने बोट वर केलं. "आय अ‍ॅम नॉट फिनिश्ड."

आणि तेव्हा खिडकीपाशी खुर्ची सरकली. रॉन. उभा राहायला त्याला वेळ लागायचा, सगळे वाट बघत राहिले. उभा राहून त्याने डोक्यावरची कॅप काढली. "राहू दे तो," क्रिस्टीनला बोलला. "फ्युनरल चालू आहे, मेट."

क्रिस्टीनचा हात खाली आला.

मग मिस व्हर्ना बोलली. लांब नाय. तिला त्यांची नावं माहीत नव्हती, म्हणून ती एकेकाला काम सांगून बोलली. हा पिंप लोटणारा. हा होडीतलं पाणी काढणारा. ही डोक्यावर टोपलीवाली, ही तिच्यामागची, हा वाकलेला, ह्याचं काय काम आहे ते मला अजून कळलं नाय पण त्याला कळत होतं. प्रत्येकाला एक गुड मॉर्निंग. मी पाठोपाठ मनातल्या मनात सरणं बोलले, बुद्धाचं, धम्माचं, संघाचं. कुलदीप डाव खाली ठेवून उभा. मिसेस हॅलम स्वीट डिश न खाता गेली.

आर्वोला क्रिस्टीनने मला ऑफिसमधे बोलावलं. शेव, तुला हे कोणी करायला सांगितलं? मी बोलले, "नोबडी. माय फ्लावर. माय हँड." ती बोलली, परत असं झालं तर नोकरी जाईल. मी बोलले, नो वरीज. आणि चादरी घालायला गेले.

डॉक्टर त्याच आठवड्यात आला. काय झालं ते मिस व्हर्नानेच सांगितलं, त्यामुळे थोडं इकडचं तिकडे धरा. त्याने वार विचारला, साल विचारलं, तिने सांगितलं. मग बोलला, एक घड्याळ काढून दाखवा. तिने छातीवरचं काढून त्याच्यासमोर ठेवलं. "हे चालू असताना दुसरं कशाला?" तो बोलला, नियम आहे. मग तिने कागदावर काढलं, काटे बरोबर. आणि कागद उरला म्हणून बंदर काढलं. जहाजं मुंगीएवढी, आणि माणसं पानभर. तोंडांसकट. डॉक्टरने विचारलं, हे कोण? ती बोलली, "तुम्हाला किती वेळ आहे?" तो तासभर बसला. मागच्या विंगचं नाव नंतर कोणी काढलं नाय.

पण चित्र गेलं. हॅलम लोकांनी माणसं पाठवून उतरवून नेलं, पाटीसकट. क्रिस्टीनने, हे तिच्या बाजूने सांगायला पाहिजे, हळूच येऊन सांगितलं की ते सिडनी शहरातल्या चित्रांच्या मोठ्या गॅलरीला दिलंय, आणि तिथे आता भिंतीवर लागलंय.

"तिथे शिकलेले लोक असतात," मिस व्हर्ना मला बोलली. "त्यांनी पाटी नीट केली असेल. बघायला पाहिजे."

तोपर्यंत माझे गुडघे गेलेले, मी कामावरून सुटलेले. विनोद बोलला, आई, तू आणि ती? ट्रेनने? वॉकर घेऊन? नातू बोलला, आजी, गो फॉर इट. गेलो. ब्लॅकटाउनहून बसलो. पूर्ण रस्ता ती टोपी सरळ करत होती.

चित्र सापडायला वेळ लागला. जुन्या जहाजांच्या चित्रांत एका कोपऱ्यात होतं. पाटी नवीन होती, पितळेची नाय, कागदाची. मिस व्हर्ना चष्मा लावून वाकली. वाचलं. परत वाचलं. साहेबाचं नाव, हुद्दा, रंग कुठले वापरले, कोणी दान दिलं. शांत बंदर, सकाळ.

मला वाटलं आता ही खाली बसते. तिथे लक्ष ठेवायला एक बाई होती, युनिफॉर्ममधली. मिस व्हर्नाने तिला विचारलं, हे कोणाला सांगायचं? ती चांगली होती, बोलली, वेबसाइटवर लिहा, मग कमिटी असते, वेळ लागतो.

"किती?"

"वर्ष, दोन वर्षं."

मिस व्हर्नाने मान हलवली. मग तिने वॉकर वळवला आणि चित्राच्या उजव्या बाजूला, पाटीच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "ठीक आहे," बोलली. "त्यांची पाटी तयार होईपर्यंत मी आहे."

पहिला आला तो एक बाप, बाबागाडी घेऊन. "गुड आफ्टरनून," मिस व्हर्ना बोलली. "जहाजं नंतर बघा. आधी इथे, खाली. ही माणसं गुलाम होती. साखर चढवतायत. ह्यांची नावं कोणी लिहिली नाय, म्हणून तुम्ही जरा नीट बघा." तो गडबडला, पण वाकला. मग दोन बायका आल्या, त्या ऐकून न ऐकल्यासारखं करून गेल्या. मग एक जोडपं, ते बराच वेळ राहिलं. तिचा आवाज बसत चालला. मी बोलले, बस झालं, जाऊया. ती ऐकेना. युनिफॉर्मवाली बाई स्वतःची खुर्ची उचलून घेऊन आली, तिच्याजवळ ठेवली. बोलली, निदान बसून तरी सांगा.

मिस व्हर्नाने चित्रातल्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"ते उभे आहेत," बोलली.

त्या थंडीत ती गेली, झोपेत. भाची पर्थहून आली. गॅलरीच्या दिवसानंतर ती जाईपर्यंत मी मिस व्हर्नाला बऱ्याच वेळा बघितलं, पण माझ्या डोळ्यांसमोर ती गॅलरीतलीच येते. भिंतीला टेकलेली, बसक्या आवाजात अनोळखी माणसांना गुड आफ्टरनून करणारी, आणि बाजूला रिकामी खुर्ची.

ती पाटी अजून तशीच आहे. सुनेने वेबसाइटवर लिहिलं, उत्तर आलं की विचार चालू आहे. मी दोनदा जाऊन उभी राहिले. पण आता गुडघे दहा मिनिटं पण साथ देत नाय.

तुम्ही हे वाचताय, तुमच्यातलं कोणी शहरात गेलं तर त्या गॅलरीत जा. जुन्या जहाजांच्या खोलीत ते चित्र आहे. त्याच्या उजव्या बाजूला थोडा वेळ उभे राहा, आणि जो कोणी येईल त्याला खाली बघायला सांगा.